आधी वर्ग, मग तत्त्वज्ञान

बी.एड. किंवा डी.एल.एड. करणाऱ्या कुणाचीही वही उघडा, एक उतारा हमखास सापडेल. वर ‘माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान’ असं शीर्षक, आणि खाली बालकेंद्री, आनंददायी, ज्ञानरचनावादी, मूल्याधिष्ठित हे शब्द प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखे रांगेत. वहीवरचं नाव झाकलं तर उतारा कोणाचा हे प्राध्यापकांनाही सांगता येणार नाही. यात लिहिणाऱ्याचा फारसा दोष नसतो. ज्याने अजून वर्गात सलग महिनाभर शिकवलेलं नाही, त्याला ‘तुझं तत्त्वज्ञान सांग’ म्हटलं तर तो गाइडमधलंच सांगणार.

प्रश्न मात्र खोटा नाही. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, शाळेतल्या आंतरवासितेचा काळ २० आठवड्यांवर गेला आणि भावी शिक्षकाने स्वतःला समजून घ्यावं यासाठी अभ्यासक्रमात एक वेगळा भागच आला. म्हणजे विचारणाऱ्यांनी नीट विचार करून विचारलंय. अडचण आहे ती उत्तर कुठे शोधायचं याची. त्यासाठी सातारा जिल्ह्यातलं फलटण हे उपयोगी पडणारं गाव आहे. एका शिक्षिकेची शिक्षणविषयक भूमिका कशी घडत गेली ते इथे पायरी-पायरीने पाहता येतं, आणि तिची सुरुवात वर्गात झालीच नव्हती.

फलटण म्हणजे नाईक निंबाळकरांचं जुनं संस्थान. नीरा उजव्या कालव्याने तालुक्याच्या एका भागात ऊस आणला, उरलेला भाग माणदेशाकडे सरकत कोरडा होत जातो. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी इथे मुक्कामाला असते. बागायतदार, व्यापारी, धनगर, नगरपालिकेच्या कामावरची कुटुंबं, वस्त्यांमधले मजूर असे सगळे थर एका आटोपशीर गावात एकमेकांच्या कानावर पडतील इतक्या अंतरावर राहतात. ‘कानावर’ असं मुद्दाम म्हटलं, कारण अमेरिकेतून आलेली मॅक्सीन बर्नसन ही भाषाशास्त्राची अभ्यासक इथे आली ती ऐकायला.

१९६१ मध्ये ती प्रथम भारतात आली ती हैदराबादला, शिकवायला. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. करताना तिने फलटणची मराठी हा विषय घेतला आणि १९७३ मध्ये तिचा प्रबंध पूर्ण झाला. एकाच गावातली माणसं समाजातल्या आपापल्या जागेनुसार कशी वेगवेगळी मराठी बोलतात, हा त्याचा गाभा. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्कमधल्या इंग्रजीवर असंच काम केलं होतं. त्यांचं पुस्तक १९६६ चं. या सगळ्या अभ्यासातून निघालेली गोष्ट ऐकायला साधी आहे: ज्या बोलण्याला आपण ‘अशुद्ध’ म्हणून उडवून लावतो त्यालाही स्वतःचे काटेकोर नियम असतात. ते बोलणारा मनाला येईल तसं बोलत नसतो.

आता हे पहिलीच्या वर्गात आणून पाहा. मूल म्हणतं, ‘पानी न्हाई.’ बाई म्हणतात, ‘पानी नाही, पाणी. नीट म्हण.’ मुलाला तहान लागलेली असते. त्याला पाणी मिळण्याआधी दुरुस्ती मिळते. हा काही कुठल्या एका शाळेतला किस्सा नव्हे, साताऱ्या-सांगलीकडे शिकलेल्या कुणालाही आपला असा एखादा प्रसंग आठवेल. त्या बाईंच्या वहीत ‘बालकेंद्री’ हा शब्द असणारच, आणि तो त्यांनी मनापासून लिहिलेला असेल.

पण सगळ्या चुका सारख्या नसतात, आणि नवख्या शिक्षकाला हीच गोष्ट सर्वांत उशिरा दिसते. मुलाने वहीत ‘पानी’ लिहिलं तर त्याने जे तो बोलतो तेच अचूक उतरवलंय. आवाज आणि अक्षर यांची सांगड त्याला जमली आहे. निम्मी लढाई त्याने जिंकली. दुसऱ्या मुलाने ‘शाळेत’ऐवजी ‘शाळत’ लिहिलं. असं तो बोलत नाही. त्याची मात्रा सुटली आहे, म्हणजे चिन्हाचं काम अजून पक्कं व्हायचंय. पहिल्याला वेळ द्यायचा, दुसऱ्याला सराव. दोघांच्या वह्यांवर एकच लाल गोल काढणाऱ्या शिक्षकाने, त्याला कळो न कळो, एक भूमिका घेतलेली असते: शुद्ध-अशुद्ध ठरवणं हे माझं काम, मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते पाहणं नव्हे.

मॅक्सीन बर्नसन गावातच राहिल्या. १९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. शाळेबाहेर राहिलेल्या किंवा शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या वस्तीतल्या मुलांना त्या शिकवू लागल्या. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा. शाळेला नाव दिलं ते जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकरांचं. १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचं प्रशिक्षण सुरू करणाऱ्या त्या याच. शाळा मराठी माध्यमाची. वेगवेगळ्या जातींची, कमी-जास्त ऐपतीच्या घरांतली मुलं एका वर्गात बसतील हा आग्रह. आणि वाचन-लेखन हा सगळ्या कामाचा कणा. इंग्रजी जिची जन्मभाषा तिने फलटणमध्ये मराठी शाळा काढावी याचं आजही काहींना आश्चर्य वाटतं. ज्याने भाषेचा इतका अभ्यास केला त्याने दुसरं काही केलं असतं तर खरं आश्चर्य.

वाचन शिकवण्याची त्यांची रीतही अशीच भाषेच्या अभ्यासातून आलेली. परंपरेने आपण अ-आ-इ-ई किंवा क-ख-ग-घ-ङ या क्रमाने अक्षरं घोकून घेतो. हा क्रम उच्चारशास्त्राच्या दृष्टीने फार सुंदर आहे, पण तो वाचायला शिकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलासाठी बनलेलाच नाही. ‘ङ’ किती शब्दांत भेटतो? काने, मात्रा, वेलांट्या तर सगळी मुळाक्षरं संपल्यावर, बाराखडीत येणार. म्हणजे कित्येक महिने मूल अक्षरं वाचतं आणि त्याला अर्थ असा भेटतच नाही. याउलट नेहमी लागणारी मोजकी अक्षरं आणि त्यांच्या जोडीला एखादी स्वरखूण असा छोटा गट घेतला तर काय होतं ते स्वतः करून पाहण्यासारखं आहे. समजा म, क, र, ल आणि काना एवढंच घेतलं. मामा, काका, मला, मका, काम, काल, लाल, कमल, माल हे शब्द तयार होतात. ‘मामा, मला मका’ अशी ओळ मूल स्वतः वाचतं आणि मका कोणी मागितला हे त्याला कळतं. वाचणं म्हणजे अर्थ लावणं, हा शिक्षणशास्त्रातला मोठा सिद्धान्त इथे चार अक्षरं आणि एक काना यांच्या निवडीत सामावलेला आहे. त्यासाठी भिंतीवर कुठलंही घोषवाक्य लावावं लागत नाही. पुढे संस्थेने हे काम तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंतही नेलं.

या सगळ्याचा क्रम लक्षात घ्या. आधी ऐकणं, मग थोड्या मुलांना शिकवणं, मग शाळा, आणि रीत व तिचं समर्थन शब्दांत मांडणं हे त्या कामातून उमलत गेलेलं. इतरत्रही बघितलं तर क्रम हाच दिसतो. शिक्षकांचं तत्त्वज्ञान म्हटलं की जगभर जॉन ड्युई यांची १८९७ सालची शिक्षणश्रद्धेची छोटी पुस्तिका वाचायला देतात. शिकागोतली त्यांची प्रयोगशाळा-शाळा त्याआधी वर्षभर, जानेवारी १८९६ मध्ये सुरू झालेली होती. जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली १८४८ मध्ये. शिक्षक कसा असावा याबद्दल त्यांचं सविस्तर निवेदन हंटर आयोगापुढे आलं १८८२ मध्ये. मध्ये ३४ वर्षं गेली.

ते निवेदन प्रत्येक छात्राध्यापकाने मुळातून वाचावं असं मला फार वाटतं, आणि फलटणच्या परिसरातल्यांनी तर विशेष. फुल्यांचं मूळ गाव कटगुण याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. सावित्रीबाईंचं माहेर नायगाव खंडाळा तालुक्यातलं. निवेदनात जोतीराव शिक्षकाबद्दल बोलताना उदात्त विशेषणं वापरत नाहीत. शिक्षक प्रशिक्षित असावा. शेतकरी वर्गातून आलेला असला तर तो लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा त्याला कळतील. नांगराचा रुमणा किंवा सुताराचं तासणं हातात धरायची त्याला लाज वाटू नये. आणि पात्र शिक्षकाला महिना किमान १२ रुपये पगार मिळावा. मोडी-बाळबोध, हिशेब, शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती हे त्यांना अभ्यासक्रमात हवं होतं. तत्त्वज्ञान आणि पगार एकाच कागदावर. आपल्याकडे हल्ली या दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांमध्ये बोलल्या जातात, आणि कमी पगारावर राबणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाकडूनही भरघोस तत्त्वज्ञानाची अपेक्षा असते.

मग ज्याने अजून शाळा काढलेली नाही, वर्गही घेतलेला नाही, त्या विशीतल्या मुलीने काय लिहायचं? तिच्याकडे अनुभव नाही असं आपण धरून चालतो. ते खरं नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ च्या आपल्या पुस्तकात हिशेब मांडला होता की शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याने सुमारे १३,००० तास शिक्षकांना काम करताना पाहिलेलं असतं. दुसऱ्या कुठल्याही व्यवसायात उमेदवार इतकी वर्षं समोर बसून निरीक्षण करत नाही. डॉक्टर होण्याआधी कुणी १२ वर्षं शस्त्रक्रियागृहात बसलेलं नसतं. पण हे निरीक्षण बाकावरून केलेलं असतं. शिक्षक काय करतो ते दिसतं, का करतो ते दिसत नाही. त्यामुळे शिक्षक होताना आपण कृती उचलतो आणि कारणं मागेच राहतात. डस्टर टेबलावर आपटणं, उत्तर चुकलं की लगेच पुढच्याला उभं करणं, पाढे एकसुरात म्हणवून घेणं, हुशार मुलाला वर्गप्रमुख करणं ही सगळी त्या १३,००० तासांची कमाई. म्हणून भावी शिक्षकाकडे तत्त्वज्ञान असतंच. फक्त ते त्याने निवडलेलं नसतं.

शोधायचं आहे ते आधी हे. ख्रिस अर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्ये एक उपयोगी भेद केला होता: माणूस जे तत्त्व सांगतो ते एक, आणि त्याच्या वागण्यावरून जे निघतं ते दुसरं. दोन्हींत अंतर असतं आणि ते अंतर बहुतेक वेळा स्वतःला दिसत नाही. लबाडीचा यात संबंध नाही. वहीतला उतारा पहिल्या प्रकारचा. सराव पाठात घडतं ते दुसऱ्या.

आणि सराव पाठात नेमकं ते पाहण्याची सोय आपण ठेवलेली नाही. पाठ टाचण काढलेलं असतं, हेतुकथन झालेलं असतं, तक्ते टांगलेले असतात, मागच्या बाकावर पद्धतीचे प्राध्यापक आणि सहाध्यायी निरीक्षण वह्या घेऊन बसलेले असतात. शेरे येतात ते असे: फलकलेखन सुवाच्य, आवाज स्पष्ट, शैक्षणिक साहित्याचा वापर योग्य, प्रश्नांचे वितरण सुधारावे. सूक्ष्म अध्यापनाची कौशल्यं १९६० च्या दशकात स्टॅनफर्डहून आली आणि त्यांचा उपयोग आहेच. सज्जता प्रवर्तन न करता धडा सुरू करणाऱ्यापेक्षा ते करणारा बरा. पण या शेऱ्यांमधून शिक्षकाचा हात दिसतो, डोळा दिसत नाही.

डोळा तपासायचा तर वेगळं काही टिपावं लागतं, आणि ते टिपायला पाठ संपल्यानंतरची दहा मिनिटं पुरतात. मी ज्यांना प्रश्न विचारले त्यांतल्या किती जणांची नावं मला माहीत आहेत? ज्यांची नाहीत ती मुलं कुठे बसली होती, कोणत्या वस्तीतली होती? कुणाच्या चुकीवर मी हसले, कुणाच्या चुकीवर वैतागले? प्रश्न विचारल्यावर मी किती थांबले? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल, पण मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या संशोधिकेने १९७० च्या दशकात शेकडो वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच काळ तीन सेकंदांवर नेला की मुलांची उत्तरं लांबतात, गप्प राहणारी मुलं बोलू लागतात. एका सेकंदात उत्तर येईल ते ज्याला आधीच येतंय त्याचं. तेव्हा ‘सर्व मुले शिकू शकतात’ असं लिहिणाऱ्याने आपल्या घड्याळाकडेही बघायला हवं.

अशी टिपणं काही आठवडे ठेवली की त्यातून एक माणूस दिसू लागतो. कधी तो आवडतो, कधी नाही. इथूनच खरी निवड सुरू होते, आणि ती सोपी नसते, कारण चांगल्या तत्त्वांचंही आपसात भांडण असतं. पुन्हा ‘पानी’कडेच या. मुलाच्या बोलीला मान द्यायचा हे पटलं. पण मग प्रमाण मराठी कधी? परीक्षा, अर्ज, मुलाखत, न्यायालय सगळं त्या भाषेत चालतं. ‘मुलाची बोली सुंदर आहे’ असं म्हणून शिक्षकाने हात झटकले तर नुकसान कोणाचं? ज्याच्या घरी प्रमाण भाषा आहे त्याचं नक्कीच नाही. लिसा डेल्पिट या आफ्रिकन-अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८८ मध्ये उदारमतवादी शिक्षकांना हेच सुनावलं होतं: सत्तेच्या भाषेचे नियम जे घरून घेऊन येत नाहीत त्यांना ते शाळेने उघडपणे शिकवले पाहिजेत; न शिकवणं हीही एक प्रकारची वंचना. मला हे पटतं. बोलीचा स्वीकार म्हणजे प्रमाण भाषेला सुट्टी, असा अर्थ काढणारे शिक्षक मुलांचं भलं करत नाहीत. दोन्ही हवं म्हणायला सोपं. पहिलीत काय, तिसरीत काय, तोंडी काय, लेखी काय, हे ठरवणं कठीण, आणि शिक्षकाचं तत्त्वज्ञान म्हणतात ते या ठरवण्यात असतं.

याला अजून एक बाजू आहे, ती शिक्षक कुठून येतो आणि कसा घडवला जातो याची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं आणि १९३५ मध्ये ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’. ज्या गावांत शाळाच नाहीत तिथे शाळा काढायच्या तर आधी तिथे राहायला तयार असणारा शिक्षक हवा, हा त्यामागचा हिशेब. वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, शेतात राबायचं. समतेवर निबंध लिहून घेण्यापेक्षा हा मार्ग लांबचा, पण तिथून बाहेर पडलेल्याला आपली भूमिका शब्दांत सांगता आली नाही तरी चाले, ती त्याच्या अंगवळणी पडलेली असे. आजच्या अध्यापक विद्यालयांत सकाळी हजेरी आणि दुपारी घर अशी रीत आहे. तिथे त्याची भरपाई केवळ लेखी प्रकल्पांनी होईल असं मानणं जरा भाबडेपणाचं आहे.

आणि नेमणूक मिळाल्यावर काय? टीईटी, पवित्र पोर्टल हे सगळं पार करून जी मुलगी माणच्या किंवा जतच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेत रुजू होईल, तिच्या एका खोलीत दोन-तीन इयत्ता असतील. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरांमधली मुलं परत आली की नाही याचा शोध. दोन पानांचं तत्त्वज्ञान या धबडग्यात पहिल्याच पंधरवड्यात गळून पडतं. टिकतात ते छोटे, नेमके निर्णय. म्हणून लिहायचंच असेल तर तसंच लिहावं. आंतरवासिता संपवून आलेल्या छात्राध्यापिकेने साधारण असं काही लिहिलं तर मी तिला पूर्ण गुण देईन:

पहिली-दुसरीत मी मुलाचं बोलणं मध्येच थांबवून दुरुस्त करणार नाही. उत्तर देताना माझ्या वाक्यात प्रमाण शब्द वापरीन. तिसरीपासून ‘घरी असं म्हणतो, पुस्तकात असं लिहितो’ अशा जोड्या मुलांकडूनच गोळा करून घेईन. प्रश्न विचारल्यावर मनात तीन अंक मोजीन. पहिल्या महिन्यात प्रत्येक मुलाचं घर पाहीन. गणितात मला अजून भीती वाटते, त्यामुळे मी पाठांतराकडे वळते हे मला माहीत आहे. भागाकार शिकवण्याची दुसरी रीत मी शिकते आहे. मुलाला मारणार नाही. वर्ग हाताबाहेर गेला की काय करणार हे मला अजून कळलेलं नाही.

असा कागद दरवर्षी बदलणार. ड्युईंनी १९३८ मध्ये, जवळजवळ ८० व्या वर्षी, आपल्या नावाने चाललेल्या नवशिक्षणाच्या शाळांना फटकारणारं छोटं पुस्तक लिहिलं. शिस्त आणि विषयज्ञान सोडून देणं म्हणजे बालकेंद्री शिक्षण नव्हे, असं त्यांना ४० वर्षांनी पुन्हा सांगावं लागलं. तेव्हा छात्राध्यापिकेने वरचा कागद लॅमिनेट करून ठेवू नये. फाइलमध्ये ठेवावा आणि पुढच्या जूनमध्ये, नवीन पट हातात आला की, त्यातली कुठली ओळ खोडायची ते पाहावं.